पंचतारांकित हॉटेलात मोरी नव्हती

हॉटेल बघायला गेले की मी आधी गादीकडे बघत नसे. सरळ न्हाणीघरात शिरायची, दिवा लावायची आणि जमिनीकडे बघायची. बरोबरचा कोटवाला माणूस मागून सांगत असायचा, "मॅडम, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात." दिसू देत. डोंगर कुठं पळून जात नाहीत. पाणी कुठं जातं ते मला आधी बघायचं असायचं.

संपादकबाईंनी मला सांगितलं की, टूरवाल्या बाईचे गमतीदार किस्से लिहा. गमती खूप आहेत, आणि एकदोन सांगतेही. पण जो किस्सा मी सांगणार आहे त्याला लोक हसतात आणि मला मात्र इतक्या वर्षांनंतरही राग येतो. तेव्हा हा लेख थोडा रागानंच लिहिलाय असं समजून वाचा.

नव्वदच्या दशकात मी नेरूळला एका टूर कंपनीत होते. कंपनी म्हणजे काय, एका मिठाईच्या दुकानावरचे दोन गाळे, भिंतीवर जगाचा नकाशा आणि आमचे साहेब. मी सातवी पास. फॉर्म भरून द्यायला म्हणून लागले. इंग्रजी शिकले ती हॉटेलांची पुस्तकं वाचून, त्यामुळे सुरुवातीला मला 'कम्फर्टेबल' आणि 'लक्झुरियस' यापलीकडे शब्दच येत नव्हते. आमच्याकडे यायचे कोण? वाशीच्या मार्केटातले व्यापारी, तिथंच पोती उचलून निवृत्त झालेले सातारकडचे माथाडी, शाळामास्तर, बँकेतले लोक, पनवेल-उरणकडची मुसलमान कुटुंबं. साहेबांशी बोलायचे पुरुष. बायका माझ्या टेबलाजवळ खुर्ची ओढायच्या आणि हळूच विचारायच्या, "तिथं सगळं नीट असतं ना हो?"

"सगळं" म्हणजे काय ते मला कळायचं. साहेबांना कधीच कळलं नाही.

पनवेलच्या मुकादमभाभींनी मला हे काम खरं शिकवलं. मोठ्या घरच्या, नवरा जहाजावर होता, त्यामुळे भाभींनी बाहेरची हॉटेलं पुष्कळ पाहिलेली. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना पोहण्याचा तलाव, गालिचे, फळांची परडी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शालनबाई, ते राहू दे. नळ किती उंच हाय ते सांग. नमाजाच्या आधी पाय धुवायचे असतात. बेसिनात पाय टाकून माझी कंबर मोडली मागच्या वेळी. आणि एक साधा मग ठेवतात का नाही?"

मी पुन्हा पुस्तकाची पानं उलटायला लागले. त्या म्हणाल्या, "मग तू काय बघितलंस गो तिथं?"

काहीच बघितलं नव्हतं, पुस्तक वाचलं होतं. त्या दिवसापासून मी एक वही केली आणि परकराची एक जुनी नाडी घेऊन तिला वितीवितीवर गाठी मारल्या. टबाची कड किती गाठी उंच, नळ किती गाठी, पायऱ्या किती, बादली आहे का, मग आहे का, जमिनीला जाळी आहे का. अशी माझी तपासणी. साहेब हसायचे. पण भाभींनी नंतर आपल्या तीन बहिणींना आमच्याकडूनच पाठवलं, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

आमची सगळ्यात चालणारी टूर होती काठमांडूची. पासपोर्ट लागत नाही आणि तरी परदेश. शिवाय पशुपतिनाथ आणि शिवाय खरेदी. आणि आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत बारीक अक्षरात असायची: तिथल्या मोठ्या हॉटेलांत जुगार चालायचा. कसिनो. म्हणजे आपल्याकडे गोठ्यामागे चोरून चालतो तो नव्हे. झुंबरं, मखमली पडदे आणि सरकारी परवाना असलेला.

आता बाहेरच्या माणसाला यातली मेख कळत नाही म्हणून सांगते. अशा गावातली मोठी हॉटेलं आपल्यासारख्यांना खोली स्वस्तात देतात. दिसायला राजवाडा आणि दर साध्या हॉटेलाचा. आपल्याला वाटतं, काय नशीब. पण हॉटेलाचा हिशेब असा असतो की तुम्ही खोलीत बसणारच नाही, तुम्ही खाली उतरणार. म्हणून खाली उतरण्याची सगळी सोय उत्तम असते आणि खोलीत राहण्याची बेताची. कसिनोत घड्याळ नसतं आणि खिडकी नसते. उजाडलंय का मावळलंय काही कळू नये. खेळणाऱ्याला जेवणही फुकट. आणि गंमत बघा, त्या देशाच्या माणसाला आत जायला बंदी. दारात उभा राहून सलाम करायचा, आत पत्ते वाटायचे, पण स्वतः खेळायचं नाही. कायद्यानंच. म्हणजे हे वाईट आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. फक्त ते वाईट आपल्या लोकांचं व्हावं, एवढीच व्यवस्था.

आमच्या खांदेश्वरच्या एका गुरुजींनी मात्र त्यांना पुरतं हैराण केलं होतं. ते चार दिवस रोज कसिनोत जाऊन जेवले आणि एक नाणं टाकलं नाही. त्यांना वाटलं, ही पंगत आहे. वाढपी कोट घालून असतात एवढाच फरक. मला म्हणाले, "शालनताई, आग्रह करून वाढतात हो. फक्त मधेमधे विचारतात, खेळणार का. मी म्हणतो, जेवल्यावर आडवं व्हायची सवय आहे मला." शेवटच्या दिवशी त्यांनी व्यवस्थापकाला वहीत अभिप्राय लिहून दिला, आमटी जरा गोड असावी म्हणून.

तर एका वर्षी साहेबांनी मला हंगामाच्या आधी हॉटेलं बघायला पाठवलं. एकटीला. केवढी मोठी गोष्ट होती ती माझ्यासाठी. चार हॉटेलं, चार दिवस. नावं लिहीत नाही, नंबर देते.

पहिलं हॉटेल लाल विटांचं, बागेतलं, देखणं. उशीवर चॉकलेट. खोलीत सफरचंद आणि ते कापायला चिमुकली सुरी. पण टबाची कड अडीच गाठी, आणि जेवणघरात जायची वाट कसिनोच्या दारावरून. दुसरं त्याहून झगझगीत. लिफ्टचं दार उघडलं की समोर कसिनोच. म्हणजे देवळाला निघालात तरी आधी त्याचं दर्शन. तिथल्या न्हाणीघरात संगमरवर, भिंतभर आरसा, कागदाच्या गुंडाळीचं टोकसुद्धा त्रिकोणी दुमडलेलं. पण टब तीन गाठी उंच आणि टबाबाहेरच्या जमिनीला मोरी नाही. जाळी नाही, भोक नाही, उतार नाही. मी दोनदा ओणवी होऊन बघितलं. कोटवाला म्हणाला, "काही पडलं का मॅडम?" म्हटलं, "नाही. काही पडलं तर जाणार कुठं ते बघतेय." तिसरं हॉटेल दुसऱ्याचंच भावंड, फक्त गावाबाहेर.

आणि चौथं. गल्लीत, चार मजली, पायऱ्या अकरा. चालवणारी एक नेवारी बाई, तिथल्याच जुन्या जमातीतली, माझ्याच वयाची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तारे किती, तर एकही नाही. तळमजल्यावर तीन खोल्या. न्हाणीघर म्हणजे आपल्या घरच्यासारखं: मोरी, जाळी, कमरेच्या उंचीवर नळ, निळी बादली, लाल मग आणि बसायला लाकडी पाट. फिनेलचा वास. गच्चीत ऊन. मी वहीत लिहिलं: चार नंबर पहिला. वयस्कर माणसांना दुसरं-तिसरं अजिबात नको.

साहेबांनी वही वाचली. वाचली म्हणजे चाळली.

"शालनताई, लोक काठमांडूला मोरी बघायला जातात का?"

"साहेब, लोक सकाळी उठून पहिल्यांदा तिथंच जातात."

"अहो, पण जाहिरातीत काय लिहू? भरपूर मोऱ्या?"

ऑफिसात सगळे हसले. मीही हसले. पण शेवटी ते म्हणाले, बरं, म्हाताऱ्यांच्या ग्रुपसाठी तुमचं चार नंबर. आणि मी मान उंच करून माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

त्याच आठवड्यात बाबूराव शिर्के आले. कोपरखैरणेला राहणारे, पन्नास किलोची पोती पाठीवर घेत मार्केटात उभा जन्म काढलेला माणूस. पाठ वाकलेली, पण बोलणं ताठ. बरोबर त्यांची बायको हिराबाई. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. डावा पाय ओढत चालायच्या, डाव्या हाताची मूठ नीट उघडायची नाही. तोंड मात्र दोन्ही बाजूंनी चालायचं.

"आमचा म्हादेव शिंगणापूरचा," हिराबाई म्हणाल्या. "पर तितल्या पायऱ्या आता व्हत न्हाईत माज्याच्यानं. ह्या म्हादेवापाशी गाडी दारापर्यंत जाती म्हनं."

"जाते. दारापर्यंत."

"मग हाच बरा. द्येव एकच हाय, पायऱ्याच कमीजास्त."

बाबूराव म्हणाले, "ताई, हिची एकच अट. डोक्यावरनं आंगुळ करून, वल्या केसानं दर्शन. त्याशिवाय ही गाभाऱ्याकडं बघनार न्हाई. बादली मिळंल न्हवं?"

मी म्हटलं, "मिळेल. बादली, मग, पाट सगळं आहे. मी स्वतः बघून आलेय."

हिराबाईंनी उजव्या हातानं माझा हात दाबला. "बाईमानूस बघून आलीया म्हनल्यावर इचारायचंच काय."

निघायला आठ दिवस राहिले आणि साहेबांनी हॉटेल बदललं. चार नंबरऐवजी दोन नंबर. त्याच पैशात पंचतारांकित, ग्रुपला सरप्राइज. मी आत गेले. म्हटलं, साहेब, शिर्केबाईंचं कसं होणार? ते म्हणाले, "बादली ठेवायला फॅक्स केलाय. टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, मोरी नाही तिथं. ते म्हणाले, "ताई, तुमचं ते मोरी प्रकरण आता पुरे." आणि मग हळू आवाजात सांगितलं की दोन नंबरवाले आपल्याशी संबंध ठेवून वर्षभर स्वस्तात खोल्या देणार आहेत, तेव्हा मोडता घालू नका.

मी मोडता घातला नाही. शिर्क्यांना फोन करून सांगितलंही नाही. फोन समोर होता, नंबर फॉर्मवर होता. मला वाटलं, आहे ना मी बरोबर, सांभाळून घेईन. खरं कारण ते नव्हतं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती आणि नोकरी मला हवी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहूनच टाकते.

गोरखपूरपर्यंत गाडी, पुढे बस. संध्याकाळी पोचलो. ग्रुप तर हॉटेल बघून वेडाच झाला. झुंबराखाली फोटो, कारंज्यापाशी फोटो. आमच्या ग्रुपला खोल्या दिल्या होत्या कसिनोच्या बरोबर वर. मोठ्या पाहुण्यांना वरचे मजले, आणि स्वस्तातल्या टूरवाल्यांना हे. पायाखाली अखंड गुणगुण चालू.

मी काउंटरवर गेले. तिथला व्यवस्थापक तिशीतला, केस चापून बसवलेला, बोलणं अगदी मध. मी बादली मागितली. तो म्हणाला, "शुअर मॅडम." आणि दहा मिनिटांनी बेलबॉयनं शिर्क्यांच्या खोलीत बादली आणून ठेवली. चांदीसारखी चकचकीत, नारळाएवढी, झाकण आणि चिमटा असलेली. बर्फाची.

बाबूरावांनी ती फिरवून फिरवून बघितली. म्हणाले, "ताई, एवढ्यात आमच्या गावाकडं चिमणी न्हाती."

मी पुन्हा खाली गेले, भांडले. धुणीभांडीवाल्यांकडे असेल ती बादली द्या म्हटलं. ती पाहुण्यांना देता येत नाही म्हणे, नियम आहे. आम्ही शॉवर देतो म्हणे. तो शॉवर त्या तीन गाठी उंच टबात. हिराबाईंचा पाय एक गाठ उचलत नव्हता. मी वर येऊन सांगितलं, "सकाळी पाचला मी येते, आपण दोघी मिळून काहीतरी करू. तोवर थांबा." सहाला बस देवळाला निघणार होती.

आता हे माझंच चुकलं. मार्केटचा माणूस पाचपर्यंत थांबत नाही. पाचला त्याचा अर्धा दिवस झालेला असतो.

बाबूराव चारलाच उठले. त्यांनी कचऱ्याचा डबा उपडा घातला, त्यावर उशी ठेवली आणि हिराबाईंना टबाबाहेर संगमरवरावर बसवलं. टबात गरम पाणी सोडलं आणि त्या बर्फाच्या बादलीनं भरून भरून डोक्यावर घालायला सुरुवात केली. हुशार माणूस. पाणी गालिच्यावर जाईल हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यांनी हॉटेलातले जेवढे पंचे होते तेवढे पिळे घालून, पोती रचावीत तसे दाराच्या उंबऱ्याशी एकावर एक रचले. पक्का बांध. एक थेंब बाहेर गेला नाही.

तो बांध जरा कच्चा असता तर गालिचा भिजला असता, एवढंच झालं असतं. पण बाबूरावांनी हयातीत कच्ची थप्पी लावली नव्हती. पाणी साचत गेलं, घोट्यापर्यंत आलं, आणि मग त्याला नळाच्या पाइपाशेजारची फट सापडली. खाली कसिनो. तिथं घड्याळ नसल्यामुळे पहाटेही डाव ऐन रंगात. आणि झुंबराशेजारून थेट हिरव्या टेबलावर हिराबाईंच्या अंघोळीची धार.

पुढे आमच्या ग्रुपातल्या मंडळींनी यावर पुष्कळ विनोद केले. कुणी म्हणे, हरणाऱ्यांनी ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं. मीही हसते तेवढ्यापुरती. पण मी पाचला त्या मजल्यावर पोचले तेव्हा काय दिसलं ते हसणाऱ्यांनी बघितलं नव्हतं.

खोलीचं दार सताड उघडं. हॉटेलच्या किल्लीनं बाहेरून उघडलेलं. आत चार पुरुष. दोन वर्दीतले, एक हातात बॅटरी घेतलेला, आणि तो मधाळ व्यवस्थापक. न्हाणीघराच्या दारातला बांध पायानं ढकलून ते आत बघत उभे. आणि आत डब्यावर भिंतीकडे तोंड करून हिराबाई, अंगावर ओलं लुगडं गुंडाळलेलं, मान खाली. बाबूराव दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभे होते. पाठ वाकलेला माणूस किती झाकणार?

मी त्या चौघांना काय बोलले ते छापण्यासारखं नाही. मराठीतच बोलले, पण कळलं त्यांना. ते खोलीबाहेर गेले तशी मी दार लावलं, आणि आत आले. मी टॉवेल शोधत होते. सगळे टॉवेल बांधात गेलेले.

हिराबाई भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "शालन, मागची बाजू कोरडी ऱ्हायलीया. दोन बादल्या घाल."

मी म्हटलं, "आई, खाली पाणी गळतंय."

"गळू दे. आर्धी आंगुळ करून मी द्येवापुढं उभी ऱ्हाऊ व्हय?"

मी घातल्या. दोन नाही, चार घातल्या. खाली काय चाललंय ते पूर्ण ठाऊक असताना, मोजून चार. माझ्या सगळ्या नोकरीत ज्या कामाचा मला अभिमान आहे त्यात हे काम फार वर आहे.

सहाला बस दारात आणि ग्रुप काउंटरसमोरच्या बाकांवर. व्यवस्थापकानं काउंटरवर एक कागद तयारच ठेवला होता, इंग्रजीत टाइप केलेला, खाली रिकामी रेघ आणि शेजारी शाईचं पॅड. म्हणाला, आजींनी यावर अंगठा द्यायचा. दिला तर विषय संपला. नाही दिला तर यांची खोली बंद आणि तुमच्या मुंबईच्या कंपनीला इथं पुन्हा जागा नाही. भरपाईचं तो बोललासुद्धा नाही. त्याला वरच्या मालकाला दाखवायला कुणाचा तरी गुन्हा हवा होता, कारण कसिनोवाल्यांनी त्याला फैलावर घेतलं होतं.

मी कागद वाचला. माझी पुस्तकी इंग्रजी त्या दिवशी बरोबर कामाला आली. 'मी, हिराबाई शिर्के, माझ्या निष्काळजी आणि अस्वच्छ वागणुकीबद्दल क्षमा मागते.'

हिराबाई बाकावर बसल्या होत्या, केस मोकळे, पाठीवर ओले. विचारलं, "काय लिवलंय?"

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण आदल्या आठवड्यात एकदा गप्प बसून झालं होतं.

"आंगुळ केली म्हनून अस्वच्छ?"

"तसं लिहिलंय."

"आन् किल्ली लावून बायामानसाच्या न्हानीत शिरलं, त्याचं काय लिवलंय?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग कागद अर्धाच हाय की," त्या म्हणाल्या. "म्या न्हाई अंगठा देत."

ग्रुपमधल्या सानपाड्याच्या एक बाई, तशा मनानं चांगल्या, म्हणाल्या, "अहो आजी, एक अंगठा तर द्यायचाय. सगळ्यांची ट्रिप कशाला खराब?" आणखी दोघांनी मान डोलावली. हिराबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी द्या की. तुमी बी सकाळी न्हाला असाल."

मी साहेबांना फोन लावला. झोपेतून उठले होते. सगळं ऐकून म्हणाले, "घ्या अंगठा आणि मोकळ्या व्हा. तिला काय वाचता येतंय?"

वाचता येत नाही म्हणजे कळत नाही, असं या शिकलेल्या लोकांना का वाटतं मला आजवर उमगलेलं नाही. मी म्हटलं, "साहेब, मला वाचता येतं. मी सही करते. पण मजकूर मी लिहीन. मी लिहीन की हे हॉटेल मी आधी बघितलं होतं, इथं मोरी नाही असं लेखी कळवलं होतं, तरी ग्रुप इथं आणला."

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी कागद घडी न घालता काउंटरवर परत ठेवला आणि बस सोडायला सांगितली. दर्शन झालं. नीट झालं. गाडी दारापर्यंत गेली, बाबूरावांनी हिराबाईंना धरून नेलं. गर्दीत मी मागे होते, मला फक्त त्यांचे ओले केस दिसत होते. हिराबाईंनी देवाकडे काय मागितलं ते मी विचारलं नाही.

परत आलो तर शिर्क्यांच्या पिशव्या बोळात काढून ठेवलेल्या. म्हाताऱ्या माणसांचं धुतलेलं, न धुतलेलं सगळं एकत्र कोंबून. मी टॅक्सी केली आणि दोघांना चार नंबरला घेऊन गेले. त्या नेवारी बाईनं एक प्रश्न विचारला नाही. हिराबाईंचा पाय बघितला, तळमजल्याची खोली उघडली आणि आत जाऊन पाट धुऊन ठेवला. बाकीचा ग्रुप चार दिवस राजवाड्यात राहिला. कुणी आलं नाही आमच्याबरोबर. सानपाड्याच्या बाईंनी जाताना मला चॉकलेट दिलं, उशीवरचं.

परत आल्यावर मला वाटलं, नोकरी गेली. तसं काही झालं नाही. साहेब गोड बोलले. "मिटवलं मी सगळं," म्हणाले. कसं मिटवलं ते विचारलं तर, "संबंध असतात, ताई." पुढच्या हंगामाच्या जाहिरातीत दोन नंबर सगळ्यात वर होतं, आणि खाली छापलेलं, 'आमच्या महिला प्रतिनिधींनी प्रत्यक्ष पाहून निवडलेलं.' महिला प्रतिनिधी म्हणजे मी. तक्त्यात सगळ्या हॉटेलांची तुलना होती: तारे, तलाव, कसिनो, नाश्ता. माझं चार नंबर त्यात नव्हतंच.

आणि मग एकदा जुनी फाइल शोधताना मला तो कागद सापडला. हॉटेलानं तो मागाहून साहेबांकडे पाठवला असणार, आणि परत धाडण्याआधी काढलेली ही त्याची झेरॉक्स. तेच वाक्य, निष्काळजी आणि अस्वच्छ. खाली हिराबाई शिर्के, आणि शेजारी अंगठा, ठसठशीत.

मी तो घेऊन आत गेले. साहेबांनी बघितलं आणि हसले. "अहो, चिडता काय? त्यांना त्रास नको म्हणूनच केलं. माझाच अंगठा आहे तो. डाव्या हाताचा. तिकडे कोण तपासतंय?"

बीकॉम झालेला माणूस. भिंतीवर डिग्री फ्रेम करून लावलेली. आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. एका बाईच्या नावावर जन्मभराचा कलंक चिकटवला आणि वर तिच्यावर उपकार केल्याचं समाधान.

मी राजीनामा त्यांच्या तोंडावर फेकला असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी आणखी दीड वर्ष तिथं होते. मुलीची फी होती. जाहिरातीतली ती ओळ मात्र मी काढायला लावली. आणि त्या दिवशी संध्याकाळी तो कागद पर्समध्ये घालून थेट कोपरखैरणेला गेले.

बाबूराव घरी नव्हते. हिराबाई दारात पायरीवर बसून एका हातानं लसूण सोलत होत्या. मी कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. कुणी लिहिलं, कुणाच्या नावानं, कुणाचा अंगठा. सांगताना मीच रडले. म्हटलं, "आई, तुम्ही दिला नाही तरी तुमच्या नावानं माफी गेली हो."

त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला. अक्षरांवरून नजर फिरवली, ती त्यांच्या कामाची नव्हती. मग त्या ठशाशेजारी आपला अंगठा ठेवून बघितला. साहेबांचा दुप्पट रुंद होता.

"अंगठा सायबाचा हाय न्हवं? नक्की?"

"स्वतः म्हणाले."

"मग बरूबर हाय की," हिराबाई म्हणाल्या, आणि कागद मला परत देऊन पुन्हा लसणाकडे वळल्या. "ज्यानं मागायची हुती त्यानंच मागितली."

आणि त्या हसल्या. मला ते अजून जमलेलं नाही.